दहा हजार ऐंशी तारा

दगाचं नाव दगा का ठेवलं, हे खानदेशात कुणीही सांगेल. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याला दगडाधोंड्याचं नाव दिलं, म्हणजे यमाची नजर त्याच्यावर पडत नाही. यमाची पडली नाही, हे खरं. माणसांची मात्र पडली. आणि गंमत बघा, दगा नावाच्या या माणसानं उभ्या जन्मात कुणाला दगा दिला नाही. दिला तो श्रीरंग नावाच्या माणसानं, ज्याच्या नावात अख्खा देव भरलाय.

दगा सुरतेत बीमच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या रुळाच्या, तारा ओवायचा. मागावर कापड विणायला लागण्याआधी ताण्याची एकेक तार हुकातून आणि मग फणीतून ओढून घ्यावी लागते. डोळे खाली, पाठ वाकलेली, हातात तार ओढायचा लोखंडी आकडा, आणि समोर हजारो तारा. एक चुकली की कापडात शेवटपर्यंत रेघ. दगाच्या हातून ती रेघ कधी पडली नव्हती. बमरोलीच्या ज्या कारखान्यात तो वीस वर्षं होता, तिथे जॅकार्डच्या नक्षीदार साडीचं बीम दहा हजार ऐंशी तारांचं असायचं, आणि या आकड्यावर दगाचा जीव जडला होता.

तुम्ही म्हणाल, आकड्यावर कसला जीव? पण ज्यानं एकच संख्या बोटांनी वीस वर्षं मोजली, त्याला विचारा. दगाची शाळा आठवीत सुटली होती, पण भागाकार सुटला नव्हता. तारा ओवता ओवता तो मनात भाग देत बसायचा. दहा हजार ऐंशीला दोननं भाग जातो, तीननं जातो, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, सगळ्यांनी जातो. अकरा अडतो. बारा जातो. तेरा अडतो. चौदा, पंधरा, सोळा परत सुरळीत. असे भाग जाणारे आकडे त्यानं कारखान्याच्या भिंतीवर खडूनं मांडले होते. एक आणि ती संख्या स्वतः धरून ते बहात्तर भरले. फूल कितीही तारांचं असो, बहुतेक या काठापासून त्या काठापर्यंत पूर्णच बसणार. त्याची मुलगी नूतन शाळेत असताना तिनं आणखी एक शोध लावला, की आठवड्यात मिनिटंसुद्धा दहा हजार ऐंशीच असतात. ते ऐकून दगा दोन दिवस कुणाला ना कुणाला सांगत सुटला होता.

आणि त्याच्या शेजारचा आकडा? दहा हजार एकोणऐंशी. एकच तार कमी. त्याला कशानंही भाग जात नाही. दगानं दोनपासून शंभरापर्यंत एकेक लावून पाहिला, सगळे अडले. एक तार गेली की एवढी मनमिळाऊ संख्या कुणालाच दाद देत नाही, याचं दगाला नवल वाटायचं. पुढे त्याचं स्वतःचंही तसंच झालं.

श्रीरंग त्याच कारखान्यात डिझाइन मास्टर होता. दोघं शिंदखेड्याकडच्या एकाच गावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच बस्करावर बसलेले. एकचा आकडा काढताना श्रीरंगच्या हाताला ते गोल डोकं जमायचं नाही. तो दगाच्या पाटीवर बघून बघून एक काढायला शिकला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची सगळी गोष्ट या एकावर उभी आहे.

अकरा वर्षांपूर्वी लग्नसराईचा मोठा माल होता. दगानं बीम ओवलं आणि रिवाजाप्रमाणे चिठ्ठी बांधली. किती तारांत एक फूल बसायचं, तेवढाच आकडा चिठ्ठीवर असायचा. त्यानं आपल्या मराठी अक्षरात लिहिलं, १२०. डिझाइन कॉम्प्युटरवर चढवताना श्रीरंग घाईत होता, सुरतेत वीस वर्षं इंग्रजी आकडेच बघून त्याची नजर बदलली होती. त्याला तो मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसला. त्यानं ९२० चढवले. मागावरचा कारागीर ओडिशाचा, डिझाइन नवं. त्याला वाटलं, शेठला भोपळ्याएवढी फुलं हवी असतील. दोन दिवसांनी घडी उघडली, तेव्हा दहा राक्षसी फुलं आणि अकरावं काठाशी कापलेलं.

शेठ चिठ्ठी घेऊन आला. शेठ गुजराती, पण त्याचा सगळा हिशेब इंग्रजी आकड्यांत, त्याला तो आकडा नऊच वाटला. दगा म्हणाला, हा एक आहे. शेठनं सरळ श्रीरंगला विचारलं, की तू याच्या गावचा, तुला मराठी येतं, तूच सांग हा आकडा काय आहे.

इथे श्रीरंगला नीट दिसत होतं. तोपर्यंत घाई संपली होती, चिठ्ठी हातात होती, आणि तो एक त्याच्या लहानपणच्या पाटीवरचा होता. तो दगाकडे बघून नाही, चिठ्ठीकडे बघून म्हणाला, "नऊ."

उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हे. दगानं सांगायचा प्रयत्न केला, की अहो, नऊशे वीसनं दहा हजार ऐंशीला भागच जात नाही, त्यात तेवीस दडलेत, तेवीस इथे चालत नाहीत, ज्यानं हा आकडा वीस वर्षं हाताळला तो असली संख्या लिहील कशी? शेठला भागाकारात रस नव्हता. दगा त्याच दिवशी बाहेर. शेठनं भिरकावलेली चिठ्ठी त्यानं जमिनीवरून उचलून खिशात घातली, तेवढीच काय ती वीस वर्षांची कमाई.

काम काय, दुसरीकडे मिळालं असतं. पण त्या कारखान्यात धुडकू नावाचा एक जिभेचा तिखट फिटर होता. त्यानं दुपारच्या डब्याला बसल्या बसल्या नाव पाडलं, "नऊसोबीस. चारसोबीसचा मोठा भाऊ." झालं. असलं नाव पाडायला एक क्षण लागतो आणि पुसायला जन्म पुरत नाही. सुरतेत पांडेसऱ्यापासून लिंबायतपर्यंत जिथे जिथे खानदेशी माणूस होता, तिथे तिथे दगा नऊसोबीस झाला. लग्नात पंगतीला बसला की मागून कुणीतरी म्हणायचं, नऊसोबीसला जिलबी जपून वाढा रे, एकाचे नऊ करील. नूतनसाठी नंदुरबारचं चांगलं स्थळ आलं होतं. त्यांनी सुरतेत चौकशी केली, नाव कानावर गेलं, आणि पोरीचे वडील लबाड आहेत म्हणून ते स्थळ फिरलं. नूतनचं पुढे दुसरीकडे झालं, बरं झालं. पण बापाचं ते पाडलेलं नाव ऐकताच लग्नघरात मान फिरवणारी आपली पोर दगानं पाहिली होती, आणि ती त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. दगाला राग यायचा, असं म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. त्याला श्रीरंगच्या तोंडातून तो शब्द परत हवा होता. चार माणसांत. मोठ्यानं. बाकी काही नको होतं.

त्याची बायको उषाबाई हा विस्तव विझू द्यायची नाही. संध्याकाळी तो घरी आला की पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "भेटना का तुमले तो, एकले नऊ सांगणारा?" दगा नाही म्हणायचा, पाणी प्यायचा. असं वर्षानुवर्षं.

मग तो भेटला. भेटला कसला, चालत आला.

श्रीरंगनं सुरतेजवळ इच्छापोरला स्वतःचा कारखाना टाकला होता. जुने कारखानदार संपत आलेल्या बीमला नव्या बीमच्या तारा मशीननं गाठवून घेत, पण नव्या मागावर पहिलं बीम ओवायला हातच लागतात, आणि दहा हजार तारांचं बीम एकाही रेघेशिवाय ओवणारे हात सुरतेत मोजकेच उरले होते. पर्वत पाटियाच्या एका व्यापाऱ्यानं त्याला नमुन्याच्या साड्या मागितल्या होत्या. माल पसंत पडला तर वर्षभराचं काम. श्रीरंगनं तीन माणसं लावून पाहिली, तिघांनी रेघा पाडल्या. शेवटी फिटर म्हणून त्याच्याकडे आलेला धुडकूच म्हणाला, की नऊसोबीसला बोलवा, स्वभाव काही असो, हात सोन्याचा आहे.

श्रीरंग स्वतः आला नाही. त्यानं मुलगा योगराजला पाठवलं. योगराज बावीस-तेवीस वर्षांचा, इंग्रजी शाळेत शिकलेला, कॉम्प्युटरवर डिझाइन तोच करायचा. दारात चप्पल काढून आत आला, उषाबाईच्या पाया पडला, काका काका म्हणाला. दगाच्या मनात होतं की बापाचं नाव ऐकताच हाकलायचं. पण पोरगं गोड होतं. दगानं विचार करून सांगतो म्हणत कागदावर आपला मोबाइल नंबर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी योगराज परत दारात. म्हणाला, काका, नंबर चुकीचा दिलात, कुणा भलत्याच बाईला लागतो. दगानं त्याच्या फोनमध्ये पाहिलं. दगानं मराठीत लिहिलेल्या नंबरात दोन ठिकाणी एक होते. पोरानं दोन्ही ठिकाणी नऊ दाबले होते.

दगानं ते दोन्ही नऊ बोटानं मोजले. मग हसला. अकरा वर्षांत उषाबाईनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, ती आतून बाहेर येऊन बघून गेली. दगा म्हणाला, येतो. हा आकडा एक आहे, असं मात्र त्यानं सांगितलं नाही, नंबर नुसता तोंडानं सांगितला.

चार दिवस तो इच्छापोरला बीमपुढे बसला. पहिल्या दिवशी त्याला सोपी वाट सुचली होती. एक तार गाळायची. बस, एकच. दहा हजार एकोणऐंशी. मग श्रीरंगनं कुठलंही फूल घेऊ दे, वीसचं घे, चाळीसचं घे, साठचं घे, शेवटचं फूल काठाशी अपुरंच राहणार, आणि दहा हजार तारांत कुठली गेली हे शोधायला ब्रह्मदेव आला तरी हात टेकेल. त्यानं ती तार दोन बोटांत धरलीसुद्धा. मग वाटलं, हे केलं तर धुडकूनं पाडलेलं नाव खरं होईल. अकरा वर्षं खोटं नाव अंगावर वागवलं, ते आज आपल्याच हातानं खरं करायचं? त्यानं ती तार हुकातून ओढली आणि पुढची घेतली. दहा हजार ऐंशीच्या दहा हजार ऐंशी, एक कमी नाही, एक जास्त नाही.

चौथ्या दिवशी त्यानं चिठ्ठी लिहिली. जुन्या चिठ्ठीवर एकच आकडा होता, ती चूक त्याला पुरती समजली होती. एकट्या आकड्याला साक्षीदार नसतो, त्याला कुणीही काहीही म्हणू शकतं. या वेळी त्यानं तीन ओळी लिहिल्या. वर, एकूण तारा १००८०. मध्ये, एका फुलाला १२०. खाली, फुलं ८४. तिन्ही मराठीत, स्वच्छ, ठळक. चौऱ्याऐंशीनं एकशे वीसला गुणलं की दहा हजार ऐंशी येतात. शाळेतलं पोर पडताळू शकेल, इतकं सरळ.

चिठ्ठी घेऊन तो श्रीरंगच्या ऑफिसात गेला. श्रीरंग फोनवर होता. त्यानं दगाकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि बस म्हणून हात केला. दगा बसला नाही. त्यानं चिठ्ठी पुढे ठेवली, बोट ठेवून म्हणाला, "वाचीसन सही कर, श्रीरंग."

"तुन्हं काय वाचानं शे?" असं म्हणून श्रीरंगनं फोन खांद्यात दाबला आणि सही ठोकली.

ही संधी दगानं त्याला दिली होती, हे ध्यानात ठेवा. एक नजर टाकली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं नाही, ही त्याची जुनी खोड, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

योगराजनं चिठ्ठीचा फोटो घेतला. एकूण तारा किती ते त्याला ठाऊकच होतं, पहिल्या ओळीकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. खालची ओळ कॉम्प्युटरवर चढवायची नव्हती, तीही त्यानं सोडली. मधल्या ओळीतला आकडा त्यानं ओठांत पुटपुटला, "नाइन ट्वेंटी." दगा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला ऐकू आलं. पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगायला अर्धा श्वास पुरला असता. दगानं पायातली चप्पल नीट केली आणि घरी गेला.

त्या संध्याकाळी उषाबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, भेटेल, परवा.

परवा व्यापारी आला. दगाही आपला लोखंडी आकडा राहिला आहे असं सांगून कारखान्यात जाऊन बसला. पहिल्या साडीची घडी टेबलावर उघडली, आणि व्यापाऱ्यानं चष्मा वर केला. बारीक बुट्टीची साडी मागितली होती, समोर दहा भोपळे आणि काठाशी कापलेला अकरावा. श्रीरंगच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो पोरावर ओरडला. पोरगं रडवेलं होऊन फोन पुढे करत म्हणालं, पप्पा, काकांनीच नऊशे वीस लिहिलंय, हे बघा.

श्रीरंगनं फोन पाहिला. तो एक आहे हे त्याला ओळखू आलं. दगा त्याच्या डोळ्यांकडेच बघत होता, त्याला दिसलं की ओळखू आलं. आणि तरी श्रीरंगच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तो व्यापाऱ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, की शेठ, चूक आमची नाही, या माणसाची ही जुनीच सवय आहे, बमरोलीलाही यानं असंच केलं होतं, विचारा या धुडकूला.

धुडकूनं मान हलवली. मागावरची चार माणसं काम सोडून बघू लागली. व्यापाऱ्यानं दगाला विचारलं, तुझं काय म्हणणं.

दगा म्हणाला की माझं काही म्हणणं नाही, मी आठवी शिकलेला. चिठ्ठी मालकानं सही करून घेतलीय, मालकालाच वाचू दे. मग त्यानं बीमला बांधलेली मूळ चिठ्ठी सोडून आणली आणि श्रीरंगच्या हातात दिली. "मधली नही. पहिली वळ वाच. पहिला आकडा काय शे?"

श्रीरंगनं पहिली ओळ पाहिली. मधल्या ओळीतला एक आणि पहिल्या ओळीतला एक, दोन्ही सख्खे जुळे. त्याच्या ओठांवर नऊ आलाच होता, पण तो आतच अडला. कारण तो नऊ असेल, तर वरच्या ओळीत एकूण तारा नव्वद हजार ऐंशी होत होत्या, आणि खाली त्याची स्वतःची सही होती.

व्यापाऱ्यानं चिठ्ठीत डोकावून पाहिलं. असल्या माणसांना हिशेब शिकवावा लागत नाही. "नेवुं हजार तार?" तो म्हणाला. "आ साडी छे के तंबू?"

कुणी हसलं नाही. दगानं शांतपणे खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, की चौऱ्याऐंशी फुलं, एकशे वीस तारा, गुणून बघा. नऊशे वीस धरलं तर दहा हजार ऐंशीला भागच जात नाही, तेव्हाही जात नव्हता. व्यापाऱ्यानं बोटांवर गुणाकार केला आणि मान डोलावली. मग सगळे श्रीरंगकडे बघू लागले.

"एक शे," श्रीरंग म्हणाला.

"ऐकू येस नही," दगा म्हणाला. "माग चालू शेतस."

"एक!" श्रीरंग ओरडला. धडधडणाऱ्या मागांवरून तो शब्द पार टोकाच्या माणसापर्यंत गेला.

दगानं वरच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आतला कागद घडीवर फाटत आला होता. त्यानं तो टेबलावर त्या भोपळ्यांच्या साडीवर उलगडला. बमरोलीची चिठ्ठी. तोच हात, तोच एक. श्रीरंगला वाचायला सांगावं लागलं नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, एकशे वीस. धुडकू जवळच उभा होता, त्याला ऐकू गेलं. त्यानं एकदा दगाकडे पाहिलं, एकदा श्रीरंगकडे, आणि एवढा जिभेचा माणूस, पण त्या वेळी त्याला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचणार होतं, आणि ते नाव आता कुणाच्या घरी जाणार हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. व्यापाऱ्यानं साडीची घडी घातली, ती टेबलावरच ठेवली, आणि जाताना दगाला आपलं कार्ड दिलं.

दगाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. अकरा वर्षं छातीत रुतलेलं काहीतरी निघालं, आणि तो लोखंडी आकडा पिशवीत भरू लागला तेव्हा त्याचे हात हलके झाले होते.

तेवढ्यात योगराज जवळ आला. त्याचे डोळे लाल होते. "काका, मला आधी बोलला असतात तर?"

दगाला त्या मान खाली घातलेल्या पोरात नूतन दिसली. लग्नघरात मान फिरवणारी. पण तो म्हणाला, "तुला बोललो असतो, तर तुझ्या बापानं वाचलं नसतं." मग त्याला राहवलं नाही. त्यानं साडीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं एक काढला, त्याच्या शेजारी इंग्रजी नऊ काढला, आणि डोकं कुठे नि शेपूट कुठे ते पोराला दाखवलं. पोरानं मान हलवली.

दगा फाटकापाशी पोचला, तेव्हा श्रीरंग मागून आला. एकटाच. त्याला बोलायला जड जात होतं. म्हणाला, की एका शब्दासाठी इतकी वर्षं मनात धरलंस, आपण एका बस्करावरचे, एवढं काय होतं.

दगानं विचारलं, किती वर्षं झाली. फाटकाच्या पत्र्यावर इच्छापोरची जाड धूळ बसली होती. दगानं बोटानं त्यावर दोन आकडे काढले, शेजारी शेजारी, गोल डोक्याचे, जसे लहानपणी पाटीवर काढायचा तसे. ११.

"वाच," तो म्हणाला.

श्रीरंगनं एकदा आकड्यांकडे, एकदा मागे कारखान्याकडे पाहिलं. त्यानं वाचलं नाही.

"मला ती वर्षं तू वाचशील तेवढी वाटली," दगा म्हणाला. "नव्व्याण्णव."

आणि तो आकडे तसेच ठेवून बस पकडायला निघाला.